पांढरीवर दिलेली ओ

वाशीमला जाऊन आल्यापासून चिपळुणात जो तो मला एकच विचारतो, तिथं बघण्यासारखं आहे तरी काय? मी सांगते, बाबांनो, ती राजधानी होती. वाकाटकांच्या एका शाखेची. वत्सगुल्म म्हणत तिला. त्यावर 'हो का' म्हणतात आणि पंख्याखाली सरकून आंब्याचा मोहोर किती गळला यावर बोलायला लागतात. म्हणून ठरवलं, सरळ लिहूनच काढावं. बोलताना मी काही गोष्टी गाळते, त्याही मग आपोआप लिहून होतील.

निमित्त होतं जुन्या राजधान्यांवरच्या एका परिषदेचं. आमंत्रण ह्यांना होतं. हे म्हणजे श्रीधर, माझा नवरा, इतिहासाचे निवृत्त प्राध्यापक. माझा इतिहासाशी काही संबंध नाही, माझं आयुष्य पोस्टात शिक्के मारण्यात गेलं. पण ह्यांना एकटं पाठवायचं म्हणजे चष्मा एका गावाला आणि गोळ्या दुसऱ्या गावाला राहणार. तेव्हा मी सोबत निघाले. तिथं पोचल्यावर माझ्याही छातीवर 'प्रतिनिधी' असा बिल्ला लावला गेला. कोणाची प्रतिनिधी ते मी विचारलं नाही. फुकटचा मान कोण सोडतं?

वाशीम

मार्च उतरणीला लागला होता. आमच्याकडे ह्या दिवसांत घामानं जीव नकोसा होतो, इथं घामच येत नाही. ऊन अंगातलं पाणी न विचारता घेऊन जातं, हे मला पुढं कळायचं होतं.

पाहुण्यांची सोय गावातल्या घरांमधून केली होती. आम्ही गजाननराव आणि मंदाताईंकडे. गजाननराव परिषदेच्या स्वागत समितीत होते आणि त्या पदाला शोभेल इतके जाडजूड होते. दारात पाऊल टाकलं तर मंदाताई पाण्याची बादली घेऊन उभ्या. "पाय धुवा मावशी, लंबून आल्या." मग गूळ, मग पाणी, मग चहा, आणि चहा संपायच्या आत ताट. पाटवड्यांचा रस्सा असा तिखट होता की माझ्या कानांतून धूर निघायचा बाकी राहिला. आमच्या सोलकढीची फार आठवण आली. हे मात्र नाक पुसत पुसत दुसऱ्यांदा वाढून घेत होते.

उद्घाटन झोकात झालं. दारात रांगोळी, लेझीम खेळणाऱ्या मुली, प्रत्येकाला टोपी आणि उपरणं. 'राजधानीत आपलं स्वागत असो' असं व्यासपीठावरून इतक्यांदा म्हटलं गेलं की शेवटी मी गजाननरावांना छेडलंच. म्हटलं, येताना मला बसस्टँड दिसला, सोयाबीनच्या अडती दिसल्या, मोबाइलची दुकानं दिसली, तुमची ती राजधानी कुठंय?

"पायाखाली हाये ना मावशी," ते म्हणाले. "आमच्या घराचा पाया खंदला तं खाली दुसरं घर निंगालं. चूल होती, चुलीत राख होती."

"मग काय केलंत?"

"करतो काय? त्याच्यावर आमचं बांधलं. त्याईचं खाली, आमचं वर."

हे त्यांनी सुपारी कातरता कातरता सांगितलं. त्या दुपारी त्यांच्या थंडगार फरशीवर मी जरा आडवी झाले, पण झोप लागेना. फरशीला कान लावावा असं सारखं वाटत होतं. लावला नाही, एवढंच. संध्याकाळी पद्मतीर्थाच्या तळ्यावर गेलो. पाणी स्थिर, काठावर गप्पा मारणारी म्हातारी माणसं, चणेवाले. हे मोठ्या खुशीत होते. "ऐकतेस का," म्हणाले, "आपण आलोय हे ह्या गावाला कळलंय असं वाटतं." मी म्हटलं, कळणारच, छातीवर बिल्ला आहे.

आसेगावच्या वाटेवर

दुसऱ्या दिवशी शिवारफेरी. दोन जीपगाड्या निघाल्या. मंगरूळपीरला चहा झाला. बाजाराचा दिवस होता, दर्ग्याच्या बाजूनं माणसांची वर्दळ, कडेला टरबुजांचे ढीग. मग आसेगावकडचा रस्ता. हरभरा निघून गेला होता, वावरं उघडी पडलेली, मधेच एखादा पळस पेटल्यासारखा लाल. मैलोगणती सगळं दिसतं. आमच्या कोकणात चार पावलांवर झाड आडवं येतं आणि झाड आलं की त्यावर कोणीतरी बसलेलं असतं. भुतांना आमच्याकडे तोटा नाही, पण सगळी काळोखातली. इथं आडोसाच नाही, तेव्हा इथली भुतं बिचारी राहत कुठं असतील असं मी बोलून गेले आणि गाडीत सगळे हसले. गजाननराव तेवढे हसले नाहीत.

आम्ही गेलो त्या वस्तीचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या लोकांना ते आवडणार नाही. वस्तीच्या मागं पांढर आहे. पांढर म्हणजे जुनं गाव मोडून त्याच्या भिंतींची माती साचून झालेलं टेकाड. भोवतालची जमीन काळीभोर आणि मधेच हा राखेच्या रंगाचा उंचवटा. राजधानीतल्या मोठ्या माणसांची वस्ती इथवर होती असं आमच्या मंडळींचं मत, त्यासाठी ही फेरी.

टेकाडाच्या पायथ्याशी वंदनाताईंचं घर. चाळिशीची बाई, अंगणवाडीत सेविका, बोलणं खणखणीत. जेवण त्यांच्याच अंगणात होतं. गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजायला टाकलेले होते, म्हणजे कणकेचे जाड गोळे, आणि आमच्याबरोबर आलेल्या मंदाताई वांग्याच्या भाजीपाशी बसल्या होत्या. वर जायच्या वाटेवर एक बांध होता. तिथं वंदनाताई आडव्या उभ्या राहिल्या.

"अगुदर नाव सांगा. मंग वर जा."

एकेकानं नाव सांगायचं, त्यांनी ते मोठ्यानं म्हणायचं आणि मग सोडायचं. उतरताना त्या बांधावरून हाक मारणार. 'ओ, आलो' म्हणायचं आणि बांध ओलांडायचा. "ओ देल्ल्याबगर उतरू नोका," त्यांनी बजावलं.

"आणि दिली नाही तर?" मी विचारलं.

"राजाचं गाव होतं म्हनतात. पाहुना आला का राजाले लय आनंद होते. जाऊच देत नाई मंग. म्हनून भाईरून हाक माराव लागते."

"तुम्ही मानता हे?"

"मी कायले मानू? आमी बौद्ध मानसं, भूतखेत आमच्यात नाई." त्या हसल्या. "पन माही सासू मारे हाक, तिच्या आंदी तिची सासू. वर खड्डे हायेत, साप हायेत, ऊन हाये. मानूस मोजून घेतलेलं बरं नाई काय?"

मला ते पटलं. आमच्या मंडळींना गंमत वाटली. ह्यांनी घसा खाकरून 'श्रीधर' असं सांगितलं. ह्यांची ती सवयच आहे, आधी घसा साफ करायचा, मग तोंड उघडायचं. लग्नाला होकारसुद्धा खाकरूनच दिला होता.

पांढरीवर

ऊन डोक्यावर आलं होतं. पांढरीवर मातीत जागोजाग खापरं, विटांचे तुकडे, कुठं शंखाच्या बांगडीचा कपचा. मंडळी वाकून वाकून पाहत पांगली. हे तर लहान मुलासारखे एका खड्ड्यातून दुसऱ्याकडे जात होते. मी डोक्यावर पदर घेऊन उभी राहिले आणि थोड्या वेळानं लक्षात आलं की काहीच ऐकू येत नाही. खालच्या वावरात चिमण्या ओरडत होत्या, इथं एकही नाही. वारा होता, पण गवत हलताना आवाज करत नव्हतं. आणि एवढ्या उजेडात मला सारखं वाटत होतं की आपण कुणाच्यातरी घरात न विचारता शिरलोय आणि घरातली माणसं दाराआड उभी राहून आपल्याकडे कौतुकानं बघताहेत. रागानं बघितलं असतं तर मला इतकी भीती वाटली नसती.

चपलेचा अंगठा तुटला होता, त्याचं निमित्त करून मी खाली निघाले. "लवकर या हो," मी ह्यांना म्हटलं. ते खड्ड्यात उकिडवे बसले होते. हात हलवला त्यांनी. बांधाशी वंदनाताईंनी माझं नाव घेतलं, मी ओ दिली आणि खाली येऊन कडुनिंबाच्या सावलीत बसले.

मग जेवणासाठी सगळ्यांना हाका सुरू झाल्या. वरून येणारी वाट एका दरडीमागून वळते, त्यामुळे आधी ओ ऐकू येते आणि मग माणूस दिसतो. एक नाव, एक ओ, एक माणूस. ह्यांचं नाव आलं.

"श्रीधर सर, या."

दरडीमागून खाकरल्याचा आवाज आला. मग, "ओ, आलो."

ते मी माझ्या कानांनी ऐकलं. ह्यांचाच आवाज, जरा नाकातला. मी तांब्यातून ह्यांच्यासाठी पाणी ओतायला वळले. तेवढ्यात मंदाताईंनी रोडगे करपताहेत म्हणून हाळी दिली आणि वंदनाताईही क्षणभर मागं वळल्या. मग त्यांनी पुढचं नाव घेतलं, पुढचा माणूस आला.

पंगत बसली. गरम रोडगा हातानं कुस्करून त्यावर वरण आणि तुपाची धार. मी ह्यांचं पान वाढून घेतलं. पान तसंच राहिलं. "प्राध्यापक कुठं आहेत?" मी विचारलं. हात धुवायला गेले असतील, गाडीत असतील, आत्ता तर आले. प्रत्येकानं ओ ऐकली होती. पाहिलं कोणीच नव्हतं.

वंदनाताईंच्या हातातली पळी खाली आली. "ओ देल्ली ना त्याईनं," त्या म्हणाल्या. "म्या सोता आयकली." आणि त्या पदर खोचून वर पळाल्या. त्यांच्यामागं पाण्याचा तांब्या घेतलेले गजाननराव, अंगणातली चादर उचललेला जीपचा ड्रायव्हर, आणि एका पायात चप्पल असलेली मी.

हे पलीकडच्या उतारावर सापडले. एका खोलगट जागी मातीच्या भिंतीला टेकून बसले होते. मांडी घातलेली, हात गुडघ्यांवर, जसे आपण कोणाच्या बैठकीत पाहुणे म्हणून बसतो तसे. डोळे अर्धवट उघडे. चेहऱ्यावर हसू. कातडी तव्यासारखी तापलेली आणि कोरडी. बूट काढून शेजारी नीट लावून ठेवले होते, आणि पाय घोट्यापर्यंत ओले होते. पांढरी माती त्यांना चिकटली होती. पाण्याची बाटली जवळच आडवी पडली होती, रिकामी. तीच सांडली असेल. मी आजही स्वतःला तेच सांगते.

मी ह्यांना हलवलं, गालावर मारलं. काही नाही. "उभे काय राहिलात सगळे," मी ओरडले, "उचला त्यांना. माणूस जातोय माझा."

"उचला," वंदनाताई म्हणाल्या, "पन त्याईले हाका मारत राहा मावशी. शुद्धीवर राह्यले पायजेत." त्यांनी ह्यांच्या तोंडावर पाणी शिंपडलं. चादरीत घालून तिघांनी ह्यांना उचललं. बांध जवळ आला तसा वंदनाताईंचा आवाज खाली गेला.

"मी नाई आता हाक मारत. म्या मारली तवा भलत्यानंच ओ देल्ली. तुमी मारा."

मी मारली. दुसरी कशी मारणार? आयुष्यभर जशी मारत आले तशी. "अहो," मी म्हटलं, "अहो, ऐकताय का?"

मागून, टेकाडावरून कोणीतरी खाकरलं.

"ओ."

ह्यांचे ओठ माझ्या डोळ्यांसमोर मिटलेले होते. चादरीचं टोक धरलेला ड्रायव्हर जागीच थबकला. मी मागं पाहिलं, तर मागं नुसतं ऊन.

वंदनाताईंनी माझा दंड घट्ट धरला. "मावशी, हे नोका म्हनू. अहो म्हनलं तं कोनीबी ओ देईन. नाव घ्या. इथं वर सांगतलं नाई असं नाव."

इथं सांगितलं नाही असं नाव. मी कधी ह्यांचं नाव तोंडानं घेतलं नव्हतं, उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. पण एक नाव होतं. माझ्या सासूबाई ह्यांना त्या नावानं हाक मारत. प्राध्यापक झाल्यावरही, माझ्या देखत, आगरातून ओरडून. त्या गेल्यावर ते नाव घरात कुणी घेतलं नाही, आणि मला ते घ्यायचा अधिकार आहे असं कधी वाटलं नाही. मी ह्यांच्या कानाशी वाकले. मग वाटलं, कानात सांगून भागणार नाही. सरळ उभी राहिले आणि त्या राजधानीला ऐकू जाईल एवढ्यानं ओरडले.

"बंड्या, ए बंड्या, घरी चल."

टेकाड गप्प राहिलं. मग चादरीतून, न खाकरता, अगदी फाटक्या आवाजात आलं.

"आलो गो."

आम्ही बांध ओलांडला. मी तिथंच बसून ढसाढसा रडले.

मंगरूळपीर

दवाखान्यात सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं, अंगातलं मीठ गेलं, जरा उशीर झाला असता तर अवघड होतं. ह्या वयात टोपी घालून फिरावं. मला डॉक्टरांचं सगळं पटलं. ते खरंच होतं.

वंदनाताई आमच्याबरोबर आल्या होत्या. बाहेरच्या बाकावर हातात हात घालून बसलो होतो आम्ही. मग त्या म्हणाल्या, "मावशी, मी भूतखेत मानत नाई. आजबी नाई मानत. पन तो आवाज म्या दोन डाव आयकला."

"मीही."

"हाक मारनं काई मी सोडत नाई. पन आता ओ आयकून सोडनार नाई कोनाले. डोयानं पाहीन, हात लावून पाहीन, मंगच. माह्या सासूनं किती मानसं नुसत्या ओवर सोडले असतीन, काय माईत."

वॉर्डात कोणाचातरी रेडिओ चालू होता. मला त्या बाईचा राग यायला हवा होता, पण आला नाही. ती माझ्याइतकीच घाबरली होती.

संध्याकाळी हे बोलायला लागले. पहिलं वाक्य, "फार चांगली माणसं." मला वाटलं दवाखान्यातल्यांबद्दल म्हणताहेत. "बसवलं, पाय धुवायला पाणी दिलं, नाव विचारलं. किती अगत्य." मी चादर नीट करत राहिले. परिषदेच्या समारोपाला ह्यांना गजाननरावांनी खुर्चीत बसवून नेलं आणि शाल दिली. भाषणात कुणीतरी म्हणालं की ही नगरी पाहुण्यांना विसरत नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझे हात मांडीवरच राहिले.

चिपळूण

तर वाशीमला जरूर जा. हिवाळ्यात जा. मंदाताईंच्या हातच्या पाटवड्या मिळाल्या तर नशीब समजा, रोडगे खा, पद्मतीर्थावर बसा. माणसं जीव ओवाळून टाकावा अशी आहेत. पांढरीवर गेलात तर टोपी घाला, आणि तुमचं घरचं नाव वर कोणाला सांगू नका.

हे आता बरे आहेत. पुन्हा बागेत पाणी घालतात, वर्तमानपत्रावर चिडतात. फक्त मधेच थबकतात आणि हसतात, ओळखीचं कोणी समोर आल्यासारखे. "पुन्हा बोलावलंय त्यांनी," परवा म्हणाले. परिषदवाल्यांनी का, मी विचारलं. ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी वेडगळ विचारतेय.

काल दिवेलागणीला मी चहा केला. जुनी जिभेची सवय, तोंडातून निघून गेलं, "अहो, चहा झाला."

"ओ," बाहेरच्या ओटीवरून आवाज आला.

हे माझ्यासमोर उभे होते, मोरीपाशी, हात पुसत. त्यांनीही ऐकलं. मग त्यांचा चेहरा उजळला. टॉवेल खुंटीला लावला, केसांवरून हात फिरवला, यजमानानं फिरवावा तसा.

"पाहुणे आलेत," म्हणाले आणि दाराकडे वळले.

मी त्यांचं मनगट धरलं. इतक्या जोरात धरलं की माझी बांगडी वाढली. "बंड्या," मी म्हटलं, "बस इथं."

तो बसला. ओटीवर कोणीतरी घसा खाकरत होतं, वाट बघत असल्यासारखं. मी त्याला चहा दिला, दुसऱ्या हातानं, आणि मनगट सोडलं नाही.